तीनला सुटले तेव्हा

मंगळवार, संध्याकाळ. कळंब

आज तीनलाच वाचनालयाला कुलूप लावलं. या शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल होऊन अकरा वर्षं झाली, आणि रोज पाचपर्यंत थांबत आले. काल नव्या क्लार्कबाईंनी माझा नेमणुकीचा आदेश काढून दाखवला. "मॅडम, तुमचे तास अकरा ते तीन. वर थांबवून घ्यायचा हक्क कुणालाच न्हाय." इतक्या वर्षांत तो कागद मी नीट वाचलाच नव्हता? की वाचायचा नव्हता?

फाटकाशी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आज लवकर?"

"लवकर नाही सर, वेळेवर." म्हटलं आणि फाटकाबाहेर पडले.

मग जायचं कुठं? ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, लेक पुण्याला. तीनला घरी येऊन करू काय? बसस्टँडवर बसून राहिले. वाशीची गाडी गेली, येडशीची गेली. पाच वाजल्यावर उठले.

आत्ता सरांचा फोन आला. "उद्या पाचपर्यंत थांबाल का? पुस्तकांची मोजणी आहे." ओठावर 'हो' आलंच होतं. "तीनपर्यंतच, सर," म्हटलं आणि फोन ठेवला.

दिवसभरात मला आलेला तेवढा एकच फोन.