साठ रात्री संपल्यावर

क्योतो, १५ मार्च

चि. नोबुओ यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. आमच्या वस्तीत प्रवाशांना घर भाड्याने देण्याची मुभा वर्षात केवळ थंडीतल्या साठ रात्रींची असते. ती आज संपली. शेजारचे निशिवाकी दारातले जोडे मोजून म्हणाले, "आजी, उद्यापासून इथे एकच जोड दिसू दे हं." नियम न्याय्य आहे, हे मी मान्य केले. चादरी धुताना मात्र थकले. एकटेपणाची चिंता करू नकोस, रेडिओ आहे.

तुझा गुडघा कसा आहे? नियम भाड्याने राहणारे मोजतो, भाऊ मोजत नाही, याची मी दोनदा वाचून खात्री केली. एप्रिलमध्ये ये. दुसरा जोड निशिवाकींना मीच दाखवीन.

तुझी,
त्सुरुयोताई