सरजाबाईच्या माळवदावरचा डबा

८ डिसेंबर, रविवार

लिही गं शिवांगी! मी बोलते तसंच लिही, शाळेतल्यासारखं सोवळं करू नको.

गावात इंटरनेट येतंय म्हणे. तार न्हाई, खांब न्हाई. घराघरावर एकेक डबा. एक डबा दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. भागवतचा सुदर्शन नांदेडला शिकून आला, तोच बसवून राहिला. मी म्हणलं, "म्हणजे आपल्या गावात चहाड्या जातात तसंच की!"

म्हणला, "हाव आजी, अगदी तसंच."

१२ डिसेंबर, गुरुवार

घोळ! शाळेवरच्या डब्याला आमचं घर दिसत न्हाई. मधी सरजाबाईचं उंच माळवद. तिथं डबा बसला तरच आमच्याकडं येणार. अन् सरजाबाई माझ्याशी बोलत न्हाई — बांधावरच्या बोरीपायी, कैक वर्षं झाली. बोरं आंबट हायत ते वेगळंच!

१३ डिसेंबर, शुक्रवार

बसला डबा. सरजाबाई सुदर्शनला म्हणली, "पोरीसाठी बसव. म्हातारीला सांगू नको." त्यानं आधी मलाच सांगितलं.

२१ डिसेंबर, शनिवार

शिवांगीची परीक्षा फोनवरच हाय. पास झाली तर लातूरच्या क्लासात फुकट शिकायचं. न्हाई तर अण्णाराव — माझा लेक, हिचा बाप — म्हणतो, "दहावी झाली की बास." ही लिहिता लिहिता नाक ओढून राहिली.

परीक्षा नेमकी येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेला! तारीख पुण्याच्या कुणीतरी काढली असंल. येळवशीला आमच्याकडं घरात कोण असतंय? सगळं गाव रानात जेवायला.

३० डिसेंबर, सोमवार

रानात कडब्याच्या कोपीपाशी पूजा मांडत होते, तर सुदर्शनच्या मोटारसायकलवरून शिवांगी रडत आली. नेट गेलं! सरजाबाईनं रानात निघताना घराचं मेन बटण बंद केलं, वर कुलूप. तिच्या माळवदावरचा डबा मेला, म्हणून आमचाही.

दोघांना घेऊन मी गेले सरजाबाईच्या रानात. उभ्यानंच म्हणलं, "चावी दे."

"येळवशीला माझ्या रानातून उपाशी कुणी गेलं न्हाई. बस."

"पोरीची परीक्षा सुरू झाली गं भवाने!"

"मग लवकर खा."

काय करता! तांब्याभर आंबील घटाघटा प्याले, भज्जी-भाकर कोंबली. तेव्हा तिनं कनवटीची चावी सुदर्शनच्या हातात टाकली. दोघं सुसाट गेले. मी उठाय लागले, तर हिनं परत वाढलं! "आता निवांत जेव."

आंबील माझ्यापेक्षा चांगली होती. हे लिहू नको.

लिहिलंस? खोड ते!

१८ जानेवारी, शनिवार

पास! अर्ध्या वेळात सोडवला पेपर माझ्या वाघिणीनं. अण्णाराव गावभर पेढे वाटून राहिला, जणू यानंच परीक्षा दिली. मी लई हसले.

मग ध्यानात आलं — पास झाली म्हणजे जाणार.

१५ जून, रविवार

आज हे लातूरच्या होस्टेलात लिहिलं जातंय. मी इथं सरजाबाईच्या माळवदावर, फोनमधी तोंड घालून सांगते. शेजारी सरजाबाई, कान देऊन. म्हणते, "पोरीला विचार, करमतंय का."

तूच विचार, सरजे. माझ्याच्यानं विचारवत न्हाई.