ताटापुढचा फोटो

तीर्थरूप डर्मट पणजोबायले,

तुमी आयर्लंडातून दुर्गले रेल्वेचं इंजिन चालवाले आले आन आमचेच होऊन बसले. दरवर्षी पितृपक्षात आमी तुमच्या फोटोपुढं वडे-भाताचं ताट वाढतो. काल तुमच्या गावच्या नातलग बाईनं फोनवर तो फोटो पाह्यला आन हासलीच. म्हणे, "हा तर माहा आजा शेमस, डर्मटचा भाऊ. यानं गाव कधी सोडलंच नाही!"

माही बायको सीमा म्हणे, "मंग काढून टाका."

मी म्हटलं, "कावून? घर सोडताना पणजोबायनं सोबत आणलेला भाऊ आहे तो."

आज वैशाली नगरच्या आपल्या घराच्या गच्चीवर दोन ताटं ठेवली. तुमचा फोटोच नाही, म्हणून तुमच्या ताटाजवळ तुमची जुनी टोपी ठेवली. कावळा आला तो सरळ शेमसच्या ताटावर. तुमीच म्हटलं असन, "पहिले त्याले जेवू दे."

तुमचा पणतू,
भूपेंद्र