ब्लागोताच्या गळ्यातली बंदूक

प्रिय वुकोसावदादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. माझं अक्षर बघून पाकीट फोडशील आणि ब्लागोताचं नाव दिसताच चुलीत टाकशील. तेवढं करू नकोस. आई गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी माझ्या नवऱ्यानं भरल्या पंगतीत तुझ्या थोबाडीत मारली, ते मी विसरलेले नाही. तू आईची लांबलचक लाकडी पेटी न विचारता जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला देऊन टाकलीस, एवढंच निमित्त. तेव्हापासून तू आमच्या दारात पाऊल टाकलं नाहीस, आणि हा हटवादी माणूस माफीचा म सुद्धा काढत नाही. तुमच्या दोघांत मी मात्र भरडून निघाले.

इकडे मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या, मांस धुरावर टांगलंय, राकियाची दारू यंदा छान उतरली. ब्लागोताचं वेड वाढलंय. एका वेळी एकच गोळी भरायच्या त्या जुन्या लष्करी बंदुका! बसायच्या खोलीची भिंत भरली, आता पलंगावरही एक रशियन टांगली आहे. माझी पाठ दुखली तर हात लावणार नाही, पण त्यांना तासन्‌तास तेल चोळतो. पाहुण्याला कॉफीच्या आधी बंदुकीची नळी दाखवतो.

या हिवाळ्याच्या तोंडावर त्यानं पॉडगोरित्साहून एक ऑस्ट्रियन वेर्न्डल बंदूक आणली. आपल्या आईच्या पेटीतली. व्यापाऱ्यानंच तसं सांगितलं, आणि मग घरी येईपर्यंत तुझा उद्धार चालला होता. आईनं ती पेटी आपल्याला कधी उघडू दिली नाही, त्यामुळे आत काय होतं ते मलाही ठाऊक नव्हतं.

रविवारी त्याचे बंदूकवेडे मित्र जमले. पोटात राकिया गेलेली. यानं ती वेर्न्डल गळ्यात अडकवली आणि दारापासून टेबलापर्यंत चक्क रांगत आला. "बघा रे, माझा मेहुणा एक दिवस असाच येणार माफी मागायला!" सगळे पोट धरून हसले. मग यानं आपल्याच हातानं पट्टा डोक्यावरून काढला आणि बंदूक भिंतीला लावली. शेजारची क्रस्तिन्या म्हातारी कॉफी तशीच टाकून उठली. मी मागून धावले, तर अंगणात माझा दंड धरून म्हणाली, "पोरी, तुझा पणजोबा ह्याच बंदुकीनं पडला. मारणारा हीच गळ्यात घालून तुमच्या उंबऱ्यापर्यंत रांगत आला. तुझ्या आजोबानं ती काढली, त्याला उठवून मिठी मारली, तेव्हा कुठं वैर मिटलं. गळ्यातली ती बंदूक आपली आपण काढायची नसते गं. ज्याचं वाईट केलं, त्याच्या घरच्या पुरुषानं काढायची. तुझा नवरा कुणाचं नाव घेऊन रांगला, ऐकलंस ना?"

दुसऱ्या दिवशी ब्लागोताची मान खाली गेली ती वर होईना. वाटलं, उसण भरली असेल. निक्शिचच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडात काहीच नाही. पण मानेवर पट्ट्याच्या रुंदीचा वळ उठलाय आणि तो रोज गडद होतोय. भिंतीवरच्या बंदुकीचा पट्टा सकाळी घामानं ओला असतो, नुकताच कुणाच्या अंगावरून उतरवल्यासारखा. मी चुलीपाशी वाळवते, पुन्हा ओला. मी समोर उभी राहिले तर हा माझ्या पायांशी बोलतो. परवा कपडे वाळत घालायला गेले, तर अंगणात गुडघ्यांवर बसलेला, तोंड उत्तरेला, तुझ्या झाब्ल्याककडं. त्यानंच वाढवलेला कुत्रा त्याला बघून घरामागं पळाला. मला भीती वाटते, दादा. माझ्याच नवऱ्याच्या शेजारी झोपायची भीती वाटते.

काल दुपारी बंदूक त्याच्या गळ्यात होती. आपण घातली नाही असं तो म्हणतो, आणि मी तर तिला वाळवून भिंतीला लावली होती. पट्टा इतका सैल की माझे दोन्ही हात आत जातात, पण डोक्यावरून निघत नाही. मेंढ्यांची कात्री लावली, कात्रीच बोथट झाली. मी त्या घरची लेक, पण क्रस्तिन्या म्हणते, लग्न होऊन गेलेलीचा हात इथं चालत नाही. आपल्या घरात पुरुष म्हणून आता तू एकटा उरलास. तुला बोलावते म्हटल्यावर हा चिडेल असं वाटलं होतं. तो रडला. माझ्या चपलांकडं बघत म्हणाला, "येईल तो. बंदूकही काढेल. पण मला उठवून मिठी मारेल का गं?" मिठीशिवाय नुसती काढली तर ती परत येते म्हणे.

आज उठले तर तो घरात नव्हता. फाटकाबाहेर चिखलात गुडघ्यांचे ठसे दिसले. धावत जाऊन चर्चच्या वळणाशी गाठलं. परत फिरायला तयार नाही. त्याच्याजवळ दगडावर बसून हे लिहितेय, झाब्ल्याकच्या बसवाल्याच्या हाती देते. तुझं गाव फार लांब आहे, दादा, आणि त्याच्या गुडघ्यांची कातडी आत्ताच सोलून निघाली आहे. तू निघ. त्याला तुझ्या उंबऱ्यापर्यंत रांगत येऊ देऊ नकोस, वाटेतच गाठ.

रस्त्याकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच बहीण
यागोदा