बारकी सोडायची असते

२ नोव्हें., रवि.
पडून मोडलेलं आईंच्या पायाचं हाड जुळलं. एक्स-रे छान आलाय. डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, "आजी, आमचं काम संपलं, आता तुमचं सुरू. या महिन्यात चालायला लागला नाहीत तर पुढे कायमचा पलंग." घरी येऊन आई आडव्या झाल्या आणि भिंतीला सांगितलं, "मना नाय चालाचा."
वॉकर कोपऱ्यात उभा आहे. आई त्याला घोरा म्हणतात. घोरा म्हणजे घोडा. "घोऱ्यावर बसवून वरात काराची का माझी गल्लीतून?" प्रशांत हसला, मुलगाच त्यांचा. मला नाही हसू आलं. ज्या बाईने डोक्यावर मासळीची पाटी घेऊन सगळी डोंबिवली पालथी घातली, तिला लोक बघतील म्हणून अंगणात यायची लाज वाटते.

५ नोव्हें.
फिजिओवाली मुलगी येते, पाय वर-खाली करून घेते, जाते. ती फाटकाबाहेर पडली की आई पांघरुणात. प्र.चं एकच पालुपद, "त्रास होतो ना तिला, राहू दे." मी म्हटलं, तुझ्या या राहू दे-राहू देने त्या तशाच राहतील. मग कडाक्याचं भांडण. जेवण न बोलता. कारल्याची भाजी होती, त्यामुळे कुणाचं फारसं नुकसान झालं नाही.
नंतर गॅलरीत बसून गेम काढला. बुटकीला हात लावला की बरं वाटतं. बत्तीस वर्षांची बाई मोबाइलमधल्या चिखलातल्या माशाला कुरवाळते, हे ऑफिसात कळलं तर संपलंच. पण कॉलेजपासून आहे माझ्याकडे. गेममध्ये शेकड्याने प्राणी आहेत, पंखवाले, आगवाले, शिंगवाले. मला हीच आवडते. तांब्याच्या रंगाची, दोन पर हातासारखे टेकून बसलेली, डोळे थेट टाळूवर. टिचकी मारली की गाल फुगवते आणि एक बुडबुडा सोडते, बास. मोठी झाली की तिचा आडवातिडवा कवचवाला राक्षस होतो. म्हणून मी वाढ बंद करण्याचं बटण दाबून ठेवलंय. माझी बुटकी बुटकीच.

८ नोव्हें.
आज गंमत. आईंना गोळ्या द्यायला गेले, मोबाइल हातातच, बुटकी स्क्रीनवर. आईंनी मान वर केली. "आगो, ही त निवटी!"
म्हटलं कोण?
"निवटी गो! खारीच्या चिखलानची. डोले बग कसं, डोक्यावर."
खारी म्हणजे खाडी, एवढं मला लग्नाला सहा वर्षं झाल्यावर कळतं. पुढे मग थांबेनातच. लहानपणी ओहोटीला बिळात हात घालून कशा पकडायच्या, एका बाजूने हात घातला की ती दुसऱ्या बाजूने कशी पळते, कालवण कसं करायचं. शेवटचा भाग मी बुटकीचे कान झाकून ऐकला. (कान नाहीत तिला.) पडल्यापासून पहिल्यांदा हसल्या आज.
मी सांगितलं, ही आपण चालू तशी वाढते, मोबाइल अंगावर ठेवून चालायचं.
"मंग कोन चालतं?"
मी.
"तू? तू त कोपऱ्यावर जायाला रिक्षान बसतंस!"

९ नोव्हें., रवि.
माझा जुना मोबाइल शोधला, त्यावर माझाच गेम सुरू करून दिला, आईंच्या बटव्यात घातला, बटवा कमरेला. चहा ओटा आवरून होईतो मागे ठक् ठक् आवाज. घोड्यासकट स्वयंपाकघराच्या दारात! घामाघूम.
"बग, वाढली का?"
प्र. तोंडात ब्रश घेऊन उभाच राहिला. मीच रडले, मूर्खासारखी.

१३ नोव्हें.
अंगण झालं, आज गल्ली. शेजारच्या शेवंताकाकूंनी विचारलंच, काय गो, घोरा घेऊन कुठं? आईंनी लगेच मोबाइल पुढे केला. "निवटीला फिरवायला आनलीय." म्हणजे आता लाजायचं काही कारणच नाही. आजारी आहे ती निवटी, आई नुसत्या सोबतीला.
फिजिओवाली खूश. मला विचारते, काय केलंत? म्हटलं मासा पाळलाय.
आईंना वाटेत निघणारे प्राणी चेंडू मारून पकडायलाही शिकवलं. अंगठ्याने चेंडू असा फेकतात की माझाही नेम तसा लागत नाही. गेममधली पिशवी मात्र भरून गेली, नवीन काही पकडता येईना. मग नको असलेले प्राणी सोडून द्यायचं बटण दाखवलं. ते लगेच पटलं. "बारकी सोरायची. आज सोरली त उद्या मिलल. आमचा बा बी जाल्यातून काढून सोराचा." रोज चार-दोन सोडतात आणि जेवताना हिशेब देतात.
आई बदलतायत. फार बरं वाटतं आहे. दृष्ट नको लागायला.

१९ नोव्हें.
लागली.
घरात शिरले तर आई पलंगावर ताठ बसलेल्या, चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. "निवटी सोरली गो."
मला ऐकू आलं चोरली. दार उघडं होतं, म्हटलं गेला मोबाइल. धावत जाऊन बघते तर मोबाइल उशाशी. "कुणी चोरली?" "चोरली नाय गो, सोरली! पान्यान! येवरी चालले मी तिच्यापाय, तरी वाढत नाय. पार बारकीच. म्हनून सोरली."
उघडून बघितलं. बुटकी नाही. सोडलेलं परत येत नाही या गेममध्ये.
मी ओरडले. जे बोलायला नको तेही बोलले. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना विचारायला काय होतं, असं. दुसऱ्याच्या! सहा वर्षं एका ताटातलं खाऊन. आईंनी पांघरूण ओढून घेतलं. प्र. आधी हसला, मग माझ्याकडे बघून थांबला.

२० नोव्हें.
आई उठल्या नाहीत. फिजिओवालीला "डोकं दुकतं" सांगून परत पाठवली. मोबाइल बंद करून माझ्या टेबलावर आणून ठेवायला लावला प्र.ला.
कंपनीला मेल टाकला. लगोलग उत्तर: सोडलेला प्राणी परत देता येत नाही, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. कप्पाळ समजता.
माहेरी, ठाण्याला आईला फोन केला. "अगं, म्हणजे खेळातलाच मासा ना तो? मग?" मग काही नाही. रागही येतोय आणि लाजही. दोन्ही मिळून झोप नाही.

२२ नोव्हें.
आजही नाही. घोड्यावर टॉवेल वाळत घातलाय प्र.ने, म्हणजे त्यानेही आशा सोडली. डॉक्टरांचा महिना संपत आला. माझी निवटी गेली ते गेली, पण तिच्या पायी आईंचे पाय गेले तर मी तोंड कुठे लपवू?
जेवणं झाल्यावर त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, आई, चुकलं माझं. तोंडाला येईल ते बोलले.
"तुजी व्हती, मी सोरली. माजा हात नको लागाला व्हता."
मग सगळं खरं सांगितलं, की तुमच्या चालण्यात काही कमी नव्हतं, मीच वाढ बंद करून ठेवलेली. मोठी झालेली मला आवडत नाही.
हसायलाच लागल्या त्या, पोट धरून. "म्हंजी मी येवरी चालले ती फुकट! आगो, मी बी प्रशांतला बारकाच ठेवाला पायजे व्हता. मंग तुना मिलला असता का?"
आतून प्र.चा आवाज, "मी ऐकतोय हां."

२३ नोव्हें., रवि.
ठाण्याला गेलेले. पाण्यातले प्राणी पाण्याजवळच निघतात म्हणून तलावपाळीला दोन चकरा मारल्या. आई (ठाण्याची) सोबत, भेळेच्या आशेने. खेकडे निघाले, एक बेडूक, एक शेपटीवाला कबुतरासारखा. निवटी नाही. आईची भेळ मात्र झाली.
परत येऊन सांगितलं तर आई उठून बसल्या. "तलावान निवटी? येरी हायस का? तिना खारट पानी पायजे, चिखल पायजे."
म्हटलं वेडी काही नाही, गेमला सगळं पाणी सारखंच.
"मंग गेम येरा हाय." थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजलं. तिथी. "बुधवारी सांजच्याला सुकती हाय. खारीव जाव."
सुकती म्हणजे ओहोटी. जाव म्हणजे आपण सगळे, त्यांच्यासकट. मी तोंड मिटून घेतलं, न जाणो विचार बदलायचा.

२६ नोव्हें.
हाफ डे टाकला. खाडीवरच्या रेतीबंदरला रिक्षाने, शेवटचा खडबडीत तुकडा आई चालत. प्र. एका बाजूला, मी दुसऱ्या, दोघांनाही हात लावायची बंदी. वाटेत ओळखीचे भेटत गेले. प्रत्येकाला उत्तर एकच: "निवटी गेली, ती बगाला चाललू."
गेममध्ये काहीच नाही. एक वटवाघूळ आणि एक उंदरासारखं काहीतरी. मी स्क्रीन चोळत बसले. आणि आई, "ती बग! ती बग!"
खरीच. चिखलात, बोटभर लांब, पर टेकून, डोळे टाळूवर. एकीने टुणकन उडी मारली, मग दुसरीने, मग बघावं तिकडे सगळा चिखल टुणटुण. इतकी वर्षं गेममध्ये कुरवाळत होते, आणि घरापासून एवढ्याशा अंतरावर ही माणसं राहत होती! मी कधी खाडीकडे नीट बघितलंच नव्हतं. वास येतो म्हणून नाक धरून पूल ओलांडणारी मी.
आई घोड्याला रेलून कुठलं बीळ रिकामं, कुठलं भरलेलं ते सांगत होत्या. अंधार पडेपर्यंत उभ्या. पाय दुखतायत का विचारलं तर म्हणे, "कोनाचे?"

२७ नोव्हें., गुरु.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. फुलं, फळं दरवर्षी आई स्वतः निवडून आणतात, दुसऱ्याचं पटत नाही. यंदा मी स्टेशनवरून आणली. वेणी शिळी, पेरू कच्चे, केळी महाग आणली असा निकाल. त्यांचे पाय दुखत होते, पण कुरकुर पेरूंबद्दलच.
आज घरात मासळी नाही. मी विचारलं, गेममधली चालते का गुरुवारी? आईंनी गंभीरपणे विचार केला. "पकराची. खायाची नाय."

३० नोव्हें., रवि.
पुन्हा खाडी. या वेळी अर्ध्या वाटेलाच रिक्षा सोडायला लावली.
मिळाली! दगडांच्या पायरीपाशी स्क्रीनवर चिखल हलला आणि तांबडं डोकं वर आलं. मी फेकते म्हटलं, आईंनी हात झटकला. पहिला चेंडू बाहेर, दुसऱ्यातून फोडून निघाली, तिसरा बसला. आई ओरडल्या अशा की पलीकडे गळ टाकून बसलेला माणूस दचकला.
बुटकी नाही ही. ताकद अगदीच फालतू, एक डोळा मिटल्यासारखा. क्षणभर वाटलं होतं की तीच असेल. वेडेपणा. वाईट वाटलं थोडं, खोटं का लिहू.
"बारकी हाय," आई म्हणाल्या, माझ्याकडे बघत. "सोरू?"
म्हटलं, नको. चालवा तिला.
"बटन?"
नाही दाबलं. होऊ दे कवचवाली.

२ डिसें.
शुक्रवारी डॉक्टर. ते घोडा काढतील की ठेवतील यावर आईंची आणि शेवंताकाकूंची चर्चा चालू आहे. मला धाकधूक. पाय अजून थरथरतो उतारावर. परवा भिंत धरली तेव्हा चेहरा पांढरा पडलेला. मला बघितल्यावर म्हणे चुना बघत होते.
तरी रोज निघतायत. बटव्यात निवटी, हातात घोडा. सकाळी मी निघताना त्या निघतात, दोघी गल्लीच्या तोंडाशी वेगळ्या होतो. उशीर झाल्यासारखं त्याच मला म्हणतात, "जा गो, मना काम हाय."

४ डिसें., गुरु.
पूजेसाठी ऑफिसातून लवकर निघाले. वेणी नीट हुंगून घेतली, पेरू दाबून. या वेळी बोलायला जागा ठेवायची नाही ठरवलेलं.
घराला कडी. आत कुणी नाही. जुना मोबाइल फळीवर चार्जिंगला, निवटी त्यात गाल फुगवून बसलेली. उघडून बघितला: आज एक पाऊलसुद्धा नाही. मग बटवा खुंटीला दिसला, रिकामा. त्यात असायचे ते पैसेही नाहीत.
शेवंताकाकू म्हणाल्या, "बाजाराकडं गेली. हाक मारली त वळली बी नाय." एकटी? एकटी. घोरा घेऊन? "हाव, पर रागानं ढकलीत व्हती त्याला."
प्र.ला फोन. घाबरला. "तू जा ना, शोध." चप्पल घातली, फाटकापर्यंत गेले, परत आले. माहीत नाही बरोबर केलं की नाही. पडल्या तर? उद्या डॉक्टर आहेत, निदान उद्यापर्यंत तरी... पण मी शोधायला आलेली दिसले की त्या पुन्हा निवटीला फिरवायला लागतील. आज त्यांनी तिला घरी ठेवलंय.
घट मांडला. समईत तेल घातलं. पाच मिनिटं थांबून निघणार होते, बारा झाली. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी केळीवाल्याशी भांडतंय, भाव पाडून मागतंय, तोही चढ्या आवाजात उत्तर देतोय. इथून कोण ते दिसत नाही. आवाज आईंसारखा वाटतो. दारात उभी राहून लिहितेय.