क्रूगरच्या बोटीची मागची फळी

हेरॉन लेक,
२२ एप्रिल १९८४

ती. बाबांस,
जोलीनचा सा. न. वि. वि.

तळ्यावरचा बर्फ एकदाचा गेला आणि माझं डोकं फिरलं. यंदा मी बोट घेणार. हसू नका. दूध-कारखान्याच्या कचेरीत दिवसभर टँकरच्या वेळा लिहिणाऱ्या बाईने शनिवारी काय करायचं, विणकाम? मला एकच बोट हवी आहे. रविवारी शेजारच्या मुलांना फिरवता आली पाहिजे आणि शनिवारी शर्यतीतही उतरवता आली पाहिजे. नवी परवडत नाही, म्हणून वापरलेलीच बघते आहे.

दोन नजरेत आहेत. एक रॉलंड क्रूगरची. त्याने स्वतः प्लायवूडमध्ये बांधलेली, हलकी, नाकाने वारा हुंगत जाणारी. त्याला आता बोटीत गुडघ्यांवर बसवत नाही, म्हणून विकतो आहे. दुसरी लुंडबाईंची. फायबरची, रुंद, इंजिन तेवढ्याच ताकदीचं, पण अंगाने चांगली खात्यापित्या घरची. तिच्यात मिस्टर लुंड मासेही धरायचे आणि शर्यतीत हौसेने शेवटून पहिलेही यायचे.

तुम्ही येऊन दोन्ही बघाल का? इंजिन सगळेच बघतात, पण ते ज्या मागच्या फळीवर लटकतं ती आतून कुजली असेल तर बोट कवडीमोल, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही शर्यतींचे तपासनीस होतात त्याला इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही, एल्मर थोरसनने, हातोडी मारून कान लावला की इथे पुढे कोणी बोलत नाही. तुम्ही म्हणाल ती घेईन.

परसात रबार्बचे आंबट देठ वर आलेत. आलात की त्यांचा गोड ‘पाय’ भट्टीत भाजीन, मागच्यासारखा करपवणार नाही.

तुमची,
जोलीन

*

वॉसॉ,
९ मे १९८४

चि. जोलीनला,
अनेक आशीर्वाद.

तू कामावर असताना सोमवारी येऊन दोन्ही बोटी बघून गेलो. तुझा रबार्बचा ‘पाय’ खायचा मात्र राहिला, त्याचं वाईट वाटतं.

लुंडबाईंची घे. रंग उडालाय, सीटचा स्पंज उंदरांनी खाल्लाय, पण हाडं मजबूत आहेत. हिच्यात बसून कोणाचं काही बिघडणार नाही.

क्रूगरची नको. मागच्या फळीवर हातोडी मारली, उजव्या बाजूला आवाज बद्द आला. आत पाणी शिरलंय. इंजिन पूर्ण ताकदीने ओढायला लागलं की फळी कधी फाटेल सांगता येत नाही. दिसायला छान आहे, पण दिसण्यावर जाऊ नकोस.

हे तुझ्या-माझ्यात ठेव. क्रूगरला सांग, रंग आवडला नाही. माणूस भला आहे, मला तीन वेळा कॉफी पाजली.

मला इकडे बरं आहे. गुडघा पावसाआधी बोलतो तेवढंच. तब्येत सांभाळ, हेल्मेटचा पट्टा घट्ट बांधत जा.

तुझा,
बाबा

*

हेरॉन लेक,
१५ जुलै १९८४

प्रिय व्हर्नाआत्यास,
जोलीनचा सप्रेम नमस्कार.

तुझं चीजकेक पोचलं. टपालाने प्रवास करून ते माझ्या शर्यतीसारखंच झालं होतं, पण संपलं.

लुंडबाईंची बोट घेतली हे तुला माहीत आहेच. चार शनिवार उतरले. तीनदा शेवटची, एकदा शेवटून दुसरी, तेही एकाचं इंजिन बंद पडलं म्हणून. पोरं तिला म्हैस म्हणतात. मी वळणावर आले की काठावरून हंबरतात. शेजारची चिल्लीपिल्ली मात्र खूष आहेत, रविवारी सहा जण बसतात.

आत्या, लिहिते आहे ते दुसऱ्याच कारणासाठी. मेमध्ये सगळ्यांनी मला विचारलं, की क्रूगरची सोडून तू ही म्हैस का घेतलीस. त्यांच्या डोळ्यांतच होतं, की भ्यायली. तेव्हा मी सांगून टाकलं, बाबांनी हातोडी मारून बघितलंय, क्रूगरची फळी आतून कुजलेली आहे. दोघातिघांनाच सांगितलं. पण बाबांचं नाव निघालं आणि आठवडाभरात ते साऱ्या तळ्याभर झालं. त्याच्या बोटीकडे कोणी फिरकेना. शेवटी डॅरल नावाच्या एका पोराने ती निम्म्या किमतीत नेली. जे स्वस्तात मिळतं त्याला मी घाबरत नाही, म्हणाला.

तो डॅरल आता दर शनिवारी पहिला येतो. अर्धे लोक म्हणतात, थोरसन म्हातारा झाला, कान गेला त्याचा. उरलेले म्हणतात, थांबा, एक दिवस फळी फाटेल आणि पोरगं मरेल. क्रूगरला हिवाळ्यासाठी दोन बोटींची कामं मिळाली होती, दोन्ही परत गेली. कुजक्या फळीवर रंग मारून विकणारा, असं बोलतात त्याला. शुक्रवारी मासे खायला बोटवाल्यांच्या क्लबात यायचा, तोही यायचा बंद झाला. मागच्या आठवड्यात वाण्याकडे समोर आला तर मी डब्यांच्या रांगेमागे गेले. मटारचा डबा हातात घेऊन उभी राहिले, तो बाहेर पडेपर्यंत.

बाबांना तू विचार ना, त्यांना नक्की काय ऐकू आलं. मला विचारायचा धीर होत नाही.

तुझी,
जोलीन

*

मिलवॉकी,
२४ जुलै १९८४

चि. एल्मरला,
ताईचे आशीर्वाद.

उन्हाळा इथे असह्य आहे, शेजारणीचं कुत्रं असह्य आहे, आणि तू नेहमीच असह्य होतास. आता कामाचं.

जोलीनचं पत्र आलं. तिच्या बोटीला म्हैस म्हणून काठावरची पोरं हंबरतात. तिकडे काय बोलताहेत ते तुला कोणी कळवलं नसेल, कारण तुला सगळे घाबरतात. तुझा कान गेला म्हणतात. त्यावर माझा विश्वास नाही. गेल्या नाताळात माझ्या स्वयंपाकघरात बसून, तोंडात हॅम असताना, तळघरातल्या पंपाचं बेअरिंग निकामी होत आलंय हे तू सांगितलंस आणि ते खरं निघालं. म्हणजे कान शाबूत आहे. मग बिघडलं आहे ते दुसरंच काहीतरी.

क्रूगरच्या दोन बोटींची कामं गेली. त्याची बायको मागच्या वर्षी गेली, हे तुला ठाऊक आहे ना? बोटी बांधणं एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. मला थोरल्या बहिणीचा अधिकार वापरायला आवडतो, म्हणून विचारते. मे महिन्यात क्रूगरच्या शेडमध्ये तू काय ऐकलंस? खरं लिही. गुडघ्याची हकीगत नको.

तुझी,
व्हर्नाताई

*

वॉसॉ,
२ ऑगस्ट १९८४

ती. व्हर्नाताईस,
एल्मरचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे खोटं कधी टिकलं नाही.

फळी खणखणीत होती. उजवीकडे, डावीकडे, खाली, सगळीकडे. इतकी सुकी, इतकी नीट चिकटवलेली फळी मी आयुष्यात फार थोड्या वेळा ठोकली असेल. क्रूगर माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, परीक्षेचा निकाल ऐकायला पोरं उभी राहतात तसा. मी त्याला म्हणालो, काम चांगलं आहे. त्याचा चेहरा फुलला, ताई. त्याने मग मला ती चालवायला दिली.

पाण्यावर तिने नाक उचललं आणि मला कळलं, ही किती पळणार. तळ्याच्या मध्यावर बोटीचा तळ पाण्याला जेमतेम शिवत होता. समोरून वाऱ्याचा एक झोत आला असता तर ती हवेत उठून पालथी झाली असती. मी गुडघ्यांवर बसलो होतो, पण डोळ्यांपुढे जोलीन होती. तिची आई गेल्यापासून माझ्याकडे तेवढीच आहे. मी अर्ध्यातूनच परत फिरवली, क्रूगरला वाटलं थंडी लागली.

पोरीला नुसतं नको म्हणालो असतो तर तिने तीच घेतली असती, माझ्यावर गेली आहे. म्हणून फळीचं खोटं रचलं. वाटलं, दोघांतच राहील. ज्याची तीन वेळा कॉफी प्यालो, त्याच्याच हातच्या कामाला कुजकं म्हणालो. आता लोक मला बहिरा म्हणतात, तर मला बरंच वाटतं. खोटारडा म्हणण्यापेक्षा बहिरा म्हटलेलं सोपं जातं. इतका हलका झालोय मी.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मोठी शर्यत आहे. सुरुवातीला सगळ्या चालकांची सभा होते, तिथे उभा राहून सांगणार आहे. त्याआधी पोरीला लिहितो. ते पत्र पाचव्यांदा फाडलं.

आशीर्वाद दे, माझी लायकी नसली तरी.

तुझा,
एल्मर

*

वॉसॉ,
११ ऑगस्ट १९८४

चि. जोलीनला,
आशीर्वाद.

क्रूगरच्या बोटीची फळी चांगली होती. मी तुला खोटं लिहिलं. तू त्या बोटीत बसू नयेस म्हणून लिहिलं. तू मरशील अशी भीती वाटली. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही, आणि हेही पुरेसं नाही.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास, लोकांपुढे माझा शब्द चालवलास, आणि तुला मान खाली घालावी लागली. तू हंबरणं ऐकून घेतलंस ते माझ्यामुळे. मोठ्या शर्यतीच्या सभेत मी सगळ्यांसमोर बोलेन. तुझ्या नावाला काही लागू देणार नाही.

उत्तर नाही दिलंस तरी समजेन.

बाबा

*

हेरॉन लेक,
२० ऑगस्ट १९८४

ती. बाबांस,
जोलीनचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी जिन्यात बसले, आणि रडले ते तुम्ही खोटं बोललात म्हणून नाही.

बाबा, मला माहीत होतं. तुम्ही यायच्या आधीच मी क्रूगरकडे जाऊन आले होते. फळी मी स्वतः ठोकली होती. तुम्ही शिकवल्यासारखी, काठापासून मध्यापर्यंत. खणखणीत वाजली. मग त्याने मला पाण्यावर नेलं, मी चालवली, नाक उचललं, आणि मी ओरडले, पुरे, पुरे. मला तळ्याच्या मध्यावर थांबून ओकारी आली. क्रूगरने बोट ताब्यात घेतली. स्वतःच चालवत हळूहळू परत आणली, आणि काठावर कोणाला कळू दिलं नाही.

मग मी तुम्हाला बोलावलं. मला वाटत होतं, तुम्ही नको म्हणावं. तुमचं पत्र आलं तेव्हा ते खोटं आहे हे मला पहिल्या वाचनात कळलं, आणि मला सुटल्यासारखं झालं. भ्याले म्हणण्यापेक्षा फळी कुजली म्हणणं सोपं होतं. तुम्ही ते खोटं एकट्या मला सांगितलंत, तेही झाकून ठेव म्हणून. अख्ख्या तळ्याला मी सांगितलं. तेही, ज्याने माझी भीती झाकली, त्याच्याबद्दल.

काल क्रूगरच्या शेडमध्ये गेले. सगळं सांगितलं, तुमचं आणि माझं. तो रंधा मारत होता, मारतच राहिला. एक नवी बोट अर्धी झाली आहे, कोणी मागितलेली नसताना. त्याने विचारलं, की तू ठोकलीस तेव्हा काय ऐकलंस. मी म्हणाले, खणखणीत. मग म्हणाला, तेवढंच मोठ्या शर्यतीच्या सभेत सगळ्यांसमोर सांग, तुझ्या पोटाची गोष्ट सांगायची गरज नाही. मी म्हणाले, तीही सांगेन.

तुम्ही सभेत या, पण माझ्या आधी उठू नका. पहिलं मला बोलू द्या. त्याने तुमच्यासाठी एक निरोप दिलाय. नव्या बोटीची मागची फळी बसेल तेव्हा तुम्ही येऊन ती ठोकावी, माणसं जमलेली असताना, आणि जे ऐकाल ते मोठ्याने सांगावं. त्या वेळी कॉफीही देणार आहे.

मी विचारलं, मी ती बोट घेऊ का, या वेळी न घाबरता. त्याने रंधा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाला, तुझ्या वडिलांचा कान मला हवा आहे, पण थोरसनांना यापुढे बोट विकणार नाही. शांतपणे म्हणाला, दुधाच्या भावाबद्दल बोलावं तसं. मी हो म्हणाले आणि बाहेर आले.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही, तरी असू द्या.

तुमची,
जोलीन