न मारलेला ठोसा

मोलगी, ८ डिसेंबर

प्रिय गायत्री,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले. खोडणार होते, मग राहू दिलं. पण पुढचं सगळं रागात लिहिलेलं आहे. तुझे चार फोन आले, मी उचलले नाहीत. फोनवर तू मधेच हसशील, बाळाला फोनजवळ धरशील आणि मी विरघळेन. पत्रात तुला ते जमायचं नाही.

तुझ्या लेकीच्या जावळाला मी कळसाडीला आले होते. तुझ्या आईनं, रुक्मिणीकाकूंनी, मला शेजारी बसवून जेवू घातलं. माझ्या ताटात तूप वाढता वाढता त्या बायकांना कौतुकानं म्हणाल्या, "मन्ही गायत्री मोठा मननी शे. रुपाले काळा पट्टा भेटाले पाह्यजे म्हनीसन ती मुद्दाम हारनी." त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू एवढंच म्हणालीस, "आई, राहू दे ना ते." खोटं आहे असं म्हणाली नाहीस. मी बस चुकेल म्हणून उठले. बस सुटायला अजून दीड तास होता.

नऊ वर्षं, गायत्री. नऊ वर्षं मी डोंगरातल्या या आश्रमशाळेत मुलींना शोतोकान कराटे शिकवते आहे. दर वर्षी नव्या मुलींना आपल्या परीक्षेची गोष्ट सांगते. समोर गायत्री होती, शहाद्याच्या क्लासमधली सगळ्यांत चपळ मुलगी, आणि मी तिच्या छातीपाशी मूठ नेली, तिला ती अडवता आली नाही. भात लावून, लाकडं वाहून आलेल्या मुली ते ऐकताना ताठ बसतात. त्यांना मी काय सांगत होते? की एका पाटलाच्या मुलीनं दया केली?

इंद्रसिंग सर आठवतात ना? एकच काता, ठरलेल्या हालचालींचा तोच क्रम, सहा-सहा महिने करून घ्यायचे. अनवाणी, थंड फरशीवर, गुडघे वाकवून. मी कंटाळायचे, तू म्हणायचीस की अजून पाय बरोबर पडत नाही. सर सांगायचे, लढतीआधीचा नमस्कार हा समोरच्याला दिलेला शब्द आहे, की मी तुझ्यासाठी माझ्यातलं काही मागे ठेवणार नाही. मूठ अंगापासून बोटभर अंतरावर थांबवायची, ती शिस्त. त्यासाठी ती आधी पूर्ण जोरानं सुटायला हवी. तू सोडलीच नाहीस. म्हणजे वाकून नमस्कार केलास तेव्हाच तू खोटं बोललीस, आणि माझ्याशी बोललीस.

का केलंस ते मला ठाऊक आहे. आदल्या वर्षी मी पट्ट्याच्या परीक्षेत नापास झाले होते. परत नापास झाले तर बाबा, तुझे भिलाकाका, मला वसतिगृहातून काढून ऊसतोडीला गुजरातेत नेणार होते. हे मी फक्त तुला सांगितलं होतं, कारण तू अर्धा डबा मला द्यायचीस आणि दिला असं कधी दाखवायची नाहीस. मी तुला भीती सांगितली, गायत्री. मदत मागितली नव्हती. तुझ्याहून वरचढ व्हायला मी पहाटे उठून वसतिगृहाच्या गच्चीवर सराव करत होते. मी जिंकले असते की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. ते तू माझ्याकडून घेतलंस.

इथवर लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं, कारण पुढचं लिहायला हात होत नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. तुझा उलटा ठोसा कधी चुकायचा नाही, सरावात शंभरदा माझ्या बरगडीपाशी आला होता. त्या दिवशी तुझा खांदा हललाच नाही. मी ते पाहिलं. पाहून मूठ पुढे नेली, सरांनी हात वर केला आणि मी मान खाली घालून पट्टा घेतला. तुझ्यावर जेवढी चिडले आहे, त्यातला निम्मा राग कुणाचा आहे ते मला समजतं. तरी तुझा हिस्सा मी कमी करणार नाही.

मागच्या सोमवारी मी मुलींना सगळं खरं सांगितलं आणि नवशिक्यांचा पांढरा पट्टा बांधून वर्ग घेतला. कुणी हसलं नाही. शनिवारी शहाद्याला सरांकडे गेले आणि परीक्षा पुन्हा घ्या म्हणाले. ते म्हणाले, दिलेला पट्टा कुणी परत मागितला नाही, तू का आणतेस? मी पट्टा घडी करून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो हातात घेतला. मग विचारलं, "समोर कोण?"

मी तुझं नाव सांगितलं आहे. फेब्रुवारीचा दुसरा रविवार, सकाळी आठ, आपलाच हॉल. माझ्या एकतीस मुली बघायला येणार आहेत. बाळ झाल्यापासून तुझा सराव सुटलाय हे मला माहीत आहे. दोन महिने आहेत. बाळ काकूंकडे ठेव आणि सुरू कर. कच्ची येऊ नकोस, आणि माझी कीव घेऊन तर मुळीच येऊ नकोस. तुझा खांदा पुन्हा हलला नाही, तर मी तिथंच लढत थांबवून मुलींना घेऊन घरी जाईन.

तुझीच,
रुपा